रेमो फर्नांडिस यांची गिटार

एखादे वाद्य कोणत्या देशी जन्मले यावरून ते वाजविणाऱ्याचे कुळ ठरवावे की काय, हा वाद आपल्याकडे नवा नाही. १८४२ साली पॅरिस शहरी दबँ नामक कारागिराने ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, तीच पेटी पुढे मराठी नाटकगृहात अशी रुळली की, गोविंदराव टेंब्यांची बोटे तिच्यावर फिरू लागली म्हणजे तिच्या फ्रेंच माहेराचे स्मरणही कोणास होत नसे. आणि तरीही १९४० साली रेडिओच्या अधिकाऱ्यांनी तिला परकी आणि श्रुतींना अपात्र ठरवून बाहेर काढले. त्यानंतर सुमारे तीस वर्षे तिला ते दार बंदच होते. श्रोत्यांनी मात्र तिला एक दिवसही घराबाहेर ठेवले नाही.

आज तोच खटला गिटारीवर चालू आहे. आमच्या वर्ध्याच्या महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत गळ्यात गिटार अडकवून एखादा विद्यार्थी रंगमंचावर आला की, पुढल्या रांगेतील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते. हा मुलगा आता आपला राहिला नाही, असे त्यांस वाटते. ही आठी चुकीच्या ठिकाणी पडते असे आमचे मत आहे. ती मुळीच पडू नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ती वाद्याकडे पाहून न पडता, त्या वाद्यावर काय म्हटले जात आहे आणि ते कोणास उद्देशून म्हटले जात आहे, हे ऐकून पडावी, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे. हा विचार नुसत्या तत्त्वाच्या पातळीवर करण्यापेक्षा एका कलावंताच्या उदाहरणाने करणे अधिक फलदायी होईल, म्हणून गोमंतकातील शिवोली गावचे गायक, गीतकार व गिटारवादक श्री. रेमो फर्नांडिस यांची गीते आम्ही येथे विचारास घेत आहो. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे. परंतु त्या ग्रंथाचे परीक्षण करण्याचा आमचा हेतु नाही. जीवनवृत्त लागेल तेवढेच घेऊन गीतांकडे वळावे, हाच आमचा मानस आहे.

प्रथम गिटारीविषयी थोडेसे. हिंदुस्थानात हे वाद्य दोन वाटांनी आपलेसे झाले आहे, आणि या दोन वाटांतील भेद टीकाकार सहसा ध्यानी घेत नाहीत. पहिली वाट ब्रिजभूषण काब्रा यांची व त्यांच्यामागून आलेल्या विश्वमोहन भट्ट यांची. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवरून धातूची सळई सरकविली, आणि पडद्यापडद्यांनी तुटलेल्या त्या वाद्यातून अखंड मींड काढून दाखविली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह काब्रांनी १९६७ साली केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी ज्यांनी ऐकली आहे, त्यांस या वाटेची थोरवी सांगण्याचे कारण नाही. भट्टांना तर १९९४ साली अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. या वाटेने गिटार आपली झाली ती आपला स्वभाव सोडून झाली. अनेक तारा एकदम छेडून स्वरांचे गुच्छ उठविणे हा तिचा जन्मधर्म. तो तिने टाकला आणि ती रागाची दासी झाली. आम्ही हे निंदेने म्हणत नाही. परंतु सासरी नांदण्यासाठी नाव, वेष आणि बोली ही सर्व बदलावी लागलेल्या सुनेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

दुसरी वाट गोमंतकाची. तेथे गिटार उभीच राहिली, आणि तिला आडवे व्हावे लागले नाही याचे कारण इतिहासात आहे. सोळाव्या शतकापासून गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलेखन, गायन व वादन शिकविले जात असे. एका वेळी अनेक स्वर परस्परांशी मिळवून गाण्याची जी रीत पुण्यास किंवा नागपुरास विलायती वाटते, ती तेथे चारशे वर्षांची घरची रीत आहे. मांडो हा गीतप्रकार तीतूनच निघाला. मातीच्या भांड्यावर घोरपडीचे कातडे ताणून केलेले घुमट हे पूर्वापार वाद्य एका बाजूस आणि व्हायोलिन दुसऱ्या बाजूस, अशी त्याची बैठक असे. याच शाळांतून तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभारला. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही नावे फार थोड्यांस ठाऊक असतील. त्यांनी बांधलेले वाद्यमेळ मात्र ज्याने जुनी हिंदी गाणी ऐकली त्या प्रत्येकाच्या कानात आहेत. तेव्हा शिवोलीच्या मुलाने गिटार हाती घेतली यात परधर्म नव्हता. वर्ध्याच्या मुलाने भजनी मंडळात टाळ उचलावे, तितकीच ती साधी गोष्ट होती.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ चा. म्हणजे आयुष्याची पहिली आठ वर्षे त्यांनी पोर्तुगीज अमलाखाली काढली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्यापूर्वीच, सुमारे सातव्या वर्षी, लंडनहून आलेल्या एका भावाने आणलेली बिल हेली यांची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही तबकडी त्यांच्या कानी पडली होती. शाळेत असतानाच मित्रांसह ‘बीट फोर’ नावाचे वाद्यपथक त्यांनी काढले. पुढे वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी ते मुंबईस आले, आणि तेथे ‘सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नामांकित पथकात त्यांनी गिटारवादन व गायन केले.

त्या मुंबईविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीपासून तेथे अशा पथकांचा सुकाळ झाला होता. ‘सिमला’ या सिगारेटच्या नावाने त्यांच्या स्पर्धाही भरत. हा केवळ ख्रिस्ती तरुणांचा खेळ होता असा समज कोणी करून घेऊ नये. मराठी रंगभूमीवरील सुप्रसिद्ध नट व दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे त्याच पिढीतील नाणावलेले रॉक गायक होते. गुणांची वाण नव्हती; वाण होती ती स्वतःच्या वाणीची. लंडनच्या किंवा अमेरिकेच्या तबकडीवर जे गाणे जसे वाजले, तसेच्या तसे येथे वाजविणे हाच पराक्रमाचा मापदंड ठरला होता. नक्कल ही शिक्षणाची पहिली पायरी आहे, हे आम्हांस मान्य आहे. गुरूच्या समोर बसून शिष्यही बंदिश जशीच्या तशीच उचलतो. परंतु गुरू समोर असतो, तो चूक झाली की थांबवितो, आणि एके दिवशी ‘आता तुझे गा’ असेही म्हणतो. तबकडी हे कधीच म्हणत नाही. तिच्यापाशी शिकणारा आयुष्यभर शिष्यच राहण्याचे भय असते, आणि त्या पिढीतील बहुतेकांचे तेच झाले.

रेमो यांचे ते झाले नाही. १९७७ च्या सुमारास ते मिळेल त्या वाहनाने युरोप व उत्तर आफ्रिका हिंडावयास निघाले. पॅरिस येथे ‘रॉक सिनर्जी’ या पथकाबरोबर त्यांनी वादन केले, तबकडीही काढली. आणि १९८० च्या सुमारास ते परत आले ते मुंबईस नव्हे, तर शिवोलीस. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्यांच्या स्वतःच्या गाण्यांकडे पाठ फिरविली होती. तेव्हा त्यांनी आपल्या घरातच, चार पट्ट्यांच्या एका लहानशा ध्वनिमुद्रण यंत्रावर, ‘गोअन क्रेझी’ हा गीतसंग्रह मुद्रित केला. तो १९८४ साली बाहेर पडला. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, सर्व वाद्ये त्यांनी वाजविलेली, सर्व आवाज त्यांचे, वेष्टनावरील चित्रही त्यांचेच. मग ध्वनिफिती घेऊन स्वतः स्कूटरवर बसून गोव्यातील दुकानादुकानांतून ते हिंडले.

या यंत्राची रीत समजून घेतल्याशिवाय त्या संगीताचे मर्म कळणार नाही. फितीवर समांतर चार पट्ट्या असतात. पहिलीवर गिटार मुद्रित करावयाची. ती कानाला लावून ऐकत दुसरीवर खर्जाची गिटार. त्या दोन्ही ऐकत तिसरीवर आणखी काही. तीन पट्ट्या भरल्या की त्या तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवावयाच्या, म्हणजे पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या होतात. परंतु अशा प्रत्येक उतरणीत ध्वनीची स्पष्टता थोडी झिजते, आणि एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. बासरी किंचित मोठी झाली असे उद्या वाटले तरी इलाज नाही. म्हणजे शेवटचा सूर कसा लागावा याचा निर्णय पहिल्या सुराच्या वेळीच करावा लागतो. वास्तुशास्त्राच्या पदवीधराला ही शिस्त अपरिचित नसावी. पाया भरताना छपराचे वजन ज्याला मोजता येत नाही त्याने घर बांधू नये. या गीतांतील गिटार मिरवीत नाही याचे कारण आम्हांस येथे दिसते. मुंबईच्या पथकांत गिटारवादकाला मध्येच पुढे येऊन दोन मिनिटे बोटांचे कौशल्य दाखविण्याचा जो मान असे, तो मान या गिटारीने मागितलेला नाही. ती शब्दांना वाट करून देते आणि बाजूस उभी राहते. अर्थात, एकट्याने वाजविलेल्या वाद्यमेळात एक उणीव राहतेच. दोन वादक समोरासमोर असले म्हणजे एकाच्या अनपेक्षित हरकतीला दुसरा अनपेक्षित उत्तर देतो. स्वतःस अनपेक्षित उत्तर कोण देणार? ‘गोअन क्रेझी’ ऐकताना हा अभाव जाणवतो, आणि तो झाकण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

वर्ध्याच्या वाचकास या प्रसंगी मगनवाडीची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ येथे स्थापन झाला. गावात जे लागते ते गावात निर्माण व्हावे आणि कारागिराने आपल्या मालाचा धनी असावे, हा कुमारप्पांचा आग्रह होता. चार पट्ट्यांचे ते यंत्र त्यांनी ग्रामोद्योगात जमा केले असते असे आम्ही म्हणणार नाही. ते बहुधा त्याच्या जपानी मोटारीवरच प्रथम आक्षेप घेते. परंतु शहरातील वखारीने नाकारलेला माल गावातील माणसाने स्वतः घडवावा, स्वतः बांधावा व स्वतः विकावा, आणि गावाने तो घ्यावा, ही घटना मगनवाडीच्या तर्कशास्त्रात बसते, एवढे खास. पुढे स्वतःच्या मालाला त्यांनी ‘गोआना’ असे नावही दिले.

आता गीतांच्या आशयाकडे येऊ. त्या काळची रेमो यांची चांगली गाणी ही शेजाऱ्याशी केलेले बोलणे आहे. बंद पडणाऱ्या दूरध्वनीवर त्यांनी गाणे केले, आणि त्यासाठी त्या यंत्राच्या जनकाला, ग्रॅहॅम बेल यांनाच, हाक मारली. १९८६ साली पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता, त्यांच्यासमोर ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणे गाऊन गोव्याची गाऱ्हाणी त्यांच्या कानी घातली. काही स्थानिक अधिकाऱ्यांस तो उपमर्द वाटला; पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे कळविले. इंग्रजी वृत्तपत्रांस त्यात अमेरिकन निषेधगीतांचा वारसा दिसतो. तो असेलही, परंतु त्याहून जवळचा वारसा त्यांच्या अंगणातच होता. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला, आणि तेव्हापासून तियात्राच्या दोन प्रवेशांमध्ये रंगमंचावर येऊन चालू घडामोडींवर, मंत्र्यांवर, महागाईवर, सासवासुनांवर गाणी म्हणण्याची प्रथा आहे. त्या गाण्यांस ‘कांतार’ म्हणतात. राज्यकर्त्याचे नाव घेऊन त्याच्या तोंडावर त्याचे दोष गाणे, आणि ते हसतहसत गाणे, ही कांतारकाराची कला आहे. आपल्याकडे शाहिराचा डफ हेच काम करीत असे. आणि विदर्भात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने तेच काम निराळ्या, अधिक गंभीर सुरात केले. डफ, खंजिरी आणि गिटार ही एका कुळातील वाद्ये नव्हेत हे कोणीही सांगेल; गाणाऱ्याने समोरच्या माणसास नावाने हाक मारण्याचा जो प्रकार, त्यात मात्र ती सख्खी भावंडे आहेत.

मराठी वाचकास ही परंपरा ठाऊक नसते, याचे दुःख वाटते. गोव्याच्या भाषावादात आपण इतकी शाई खर्च केली, की १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीस व मराठीस कोणते स्थान दिले हे आपल्यापैकी पुष्कळांस कलमवार सांगता येईल. परंतु रोमन लिपीत लिहिल्या गेलेल्या एखाद्या तियात्राचे नाव सांगावयास सांगितले तर तेच गृहस्थ गप्प बसतील.

मात्र येथेच रेमो यांच्या कलेची खरी मर्यादाही सांगितली पाहिजे. कांतार कोंकणीत असते. शिवोलीच्या बाजारात मासळी विकणारी बाई ते ऐकते, हसते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला म्हणून दाखविते. ‘गोअन क्रेझी’तील विनोद इंग्रजीत आहे. तो पणजीच्या कचेरीतील कारकुनास कळतो, शाळामास्तरास कळतो. त्या बाईस तो कळावा कसा? गाऱ्हाणे तिचेही होते. इंग्रजी शिकलेल्या लेखकाची ही जुनीच अडचण आहे, आणि ज्या वर्गात आम्ही स्वतः मोडतो त्या वर्गाने तिचे हसे करू नये हे बरे. रेमो यांनी ती ओळखली होती असे त्यांच्या पुढच्याच संग्रहावरून वाटते. १९८५ च्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये त्यांनी स्वतःची लेखणी बाजूस ठेवून जुनी गोमंतकीय गाणी गिटारीवर घेतली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्यात हा संग्रह अग्रगण्य होय. जुन्या गाण्याला नवे वाद्य जोडताना बहुधा दोहोंपैकी एक बिघडते. येथे दोन्ही निभावली, कारण त्या गाण्यांच्या अंगी स्वरगुच्छांची सवय आधीपासूनच होती. गिटारीला तेथे नवे काही शिकवावे लागले नाही. ती फक्त जुन्या ओळखीच्या माणसांत जाऊन बसली.

त्यानंतरचा भाग आम्ही थोडक्यात आटोपतो. ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) व ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) यांनी रेमो यांचे नाव देशभर गेले. पहिल्यातील मादक द्रव्यांविरुद्धचे गाणे हेतूने निर्मळ आहे. परंतु उपदेश वर आला की विनोद खाली बसतो, आणि विनोद हेच तर या कवीचे शस्त्र. प्रेमगीते पुष्कळ आहेत. ती अन्य कोणीही लिहिली असती. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) या चित्रपटात, १९६१ च्या गोव्यातील एका ख्रिस्ती घराण्याच्या कथेत, त्यांचे गाणे आपल्या जागी बसलेले दिसते. परंतु सामान्य हिंदी चित्रपटाने त्यांस जो मान दिला तो निराळ्या जातीचा होता. १९८७ च्या ‘जलवा’मधील ज्या गाण्याने त्यांचा आवाज घरोघर पोहोचविला, त्याची चाल कॅरिबियन बेटांतील एका लोकप्रिय गाण्यावर बेतलेली आहे. ज्याने अनुकरणाच्या मुंबईस पाठ दाखवून स्वतःच्या चाली बांधल्या, त्यास त्याच मुंबईने उसन्या चालीवर कीर्ति द्यावी, यातील विनोद रेमो यांच्यासारख्या कवीच्या ध्यानी आला नसेल असे संभवत नाही. १९९५ च्या ‘बॉम्बे’ चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतील ‘हम्मा हम्मा’ने तर कळस केला. गाणे ए. आर. रहमान यांचे, आणि उत्तम आहे. रेमो यांचा कंठही त्यात झळाळतो. पण तेथे तो रहमान यांच्या वाद्यमेळातील एक वाद्य आहे.

रेमो हिंदीत गायले याची आम्हांस खंत नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती ज्या गावी १९३६ पासून उभी आहे, तेथल्या माणसाने ती खंत करावी हेच विपरीत. १९९८ चे ‘ओ मेरी मुन्नी’ हे त्यांचे स्वतःचे हिंदी गाणे आनंदी आहे आणि मुले अद्याप त्यावर नाचतात. आक्षेप भाषेवर नाही, श्रोत्यावर आहे. शिवोलीचा शेजारी समोर असताना रेमो यांस त्याच्या घरचा दूरध्वनी बंद असल्याचे ठाऊक असे. मुन्नीच्या गाण्यासमोर जो अफाट समुदाय उभा आहे, त्याच्या घरी काय बिघडले आहे हे कोणासच ठाऊक नाही. हिंदी चित्रपटाला गोवा हवा असतो तो पेल्यापुरता व पाण्याच्या काठापुरता, आणि त्या देखाव्यास शोभेसा आवाज म्हणून त्याने रेमो यांस पाचारण केले. २००७ साली त्यांस पद्मश्री मिळाली. ती देताना शिफारसकर्त्यांच्या मनात चित्रपटातली गाणी होती की स्कूटरवरून विकलेली, हे जाणून घ्यावयास आम्हांस आवडले असते.

ज्या वाचकांस ही गाणी ऐकावयाची असतील, त्यांनी चित्रपटांपासून आरंभ करू नये. प्रथम ‘ओल्ड गोअन गोल्ड’ ऐकावे, आणि शब्द कळले नाहीत तरी सोडू नये. पहिल्या वेळी केवळ गिटार कोठे बोलते व कोठे थांबते तेवढेच लक्षात घ्यावे. मग ‘गोअन क्रेझी’कडे जावे. त्याचा आवाज किंचित मळकट लागेल. तो यंत्राचा दोष नसून, तिसऱ्या पट्टीवरून चौथीवर उतरताना जे झिजले त्याची ती खूण आहे.